दानी, उभा राहा

या वेळच्या लेखात फोटो नाहीत. मी काढले होते, पण ज्यांचे काढले त्यांना विचारलं नव्हतं, म्हणून इथे लावत नाही. गावाचं नावही लिहीत नाही. मोडनिंबपासून आत सहा-सात किलोमीटर, एवढं पुरे.

निघायला कारण झालं एका फोनचं. माझे पप्पा सोलापूर जिल्ह्यात पाळक होते. म्हणजे चर्चमध्ये उपासना चालवायची, उपदेश करायचा, बाप्तिस्मे, लग्नं, मयती सगळं बघायचं. निवृत्त झाल्यावरही त्यांनी हे काम सोडलं नाही, कारण ते घ्यायला मागे कुणी नव्हतं. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. मी पुण्यात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. नाताळ सोडला तर चर्चला जात नाही. का जात नाही, याची कारणं मी स्वतःला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी दिली आहेत, म्हणून ती इथे लिहिण्यात अर्थ नाही.

जानेवारीत अनिल पाळकांचा फोन आला. पप्पांच्या जागी आता तेच आहेत, वय चाळिशीच्या आतलं.

"ताई, साहेबांच्या उपदेशाच्या वह्या आहेत का हो तुमच्याकडे?"

"आहेत. अकरा. का?"

"मला मिळतील का? आठवड्याला चार-पाच उपदेश करतोय. तयारी मोटरसायकलवर होते. परवा बार्शीत बोललो तेच मोहोळला बोललो, तर मोहोळात बार्शीच्या एक पाहुण्या बसलेल्या. बाहेर पडताना म्हणाल्या, पाळकसाहेब, कालची भाजी गरम केलीत."

मी हसले. फोन ठेवल्यावर हसल्याचं वाईट वाटलं. वह्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत पडून होत्या आणि पप्पांच्या मागे मी त्यातली एकही उघडली नव्हती.

शनिवार: पुणे ते सोलापूर

मार्चचा पहिला शनिवार. साडेसहाला हडपसर सोडलं. रस्ता उत्तम आहे, एकटीनं गाडी चालवायला काहीच भीती नाही. फास्टॅग भरून ठेवा आणि भिगवणच्या आधी नाश्ता करू नका. मासे खाणाऱ्यांना तिथे सकाळी दहालाही ताट मिळतं. मी खाल्लं. त्यानंतर टेंभुर्णीला चहा. उसाच्या गाड्यांच्या मागे अडकायचं नसेल तर लवकर निघणं बरं. साडेबाराला सोलापुरात पोचले तेव्हा डोक्यावर ऊन असं होतं की गाडीचं स्टिअरिंग धरवेना.

एसटी स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली, बाराशे रुपये, स्वच्छ. जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. कडक भाकरी पहिल्यांदा खाणाऱ्यांना सूचना: ती मोडायची असते, तोडायची नव्हे. तिथेच दोन पाकिटं चटणी बांधून घेतली.

संध्याकाळी पेटी घेऊन अनिल पाळकांकडे गेले. गल्लीत शेजारच्या घरातून मागाचा खडखडाट आणि त्यावर ताण करत चाललेलं तेलुगूतलं भांडण. पाळकांच्या घरात एकच मोठी वस्तू होती, भिंतीवरचं कॅलेंडर. प्रत्येक रविवारच्या चौकोनात तीन-तीन गावांची आद्याक्षरं, लाल, निळी, हिरवी.

"किती मंडळ्या आहेत तुमच्याकडे?" मी विचारलं. मंडळी म्हणजे एका चर्चचे लोक.

"चौदा."

"आणि पाळक?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मला वाटलं गंमत करताहेत.

"आणखी दोघं होते. एक पुण्याला गेले, एकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. नवीन कुणी येत नाही हो. कोण येणार? माझाच मुलगा म्हणतो, पप्पा, तुम्ही जे करता ते सोडून काहीही करीन." त्यांची बायको आतून म्हणाली, "मीच शिकवलंय त्याला तसं म्हणायला."

मला आठवलं, मीही पप्पांना हेच म्हणत असे. आमच्या घरी हिरव्या शाईचं कॅलेंडर होतं. पण त्यावर पाच गावं होती. चौदा नव्हती.

पाळकांनी वह्या एकेक करून चाळल्या. दहा ठेवून घेतल्या आणि शेवटची माझ्या हातात परत दिली. "ही तुमच्या घरची ठेवा. ह्यात उपदेशापेक्षा गोळ्यांच्या वेळाच जास्त आहेत." मी ती पिशवीत टाकली.

मग त्यांनी चाचरत एक काम सांगितलं. दुसऱ्या दिवशी मोडनिंबकडच्या एका गावात त्यांची पाळी होती, चार महिन्यांनी आलेली. प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला पाव आणि द्राक्षारस, द्यायचं होतं. ते दीक्षित पाळकालाच देता येतं, दुसऱ्या कुणाला नाही. पण बार्शीत एक मयत झाली होती. "तुम्ही परतीला त्याच वाटेनं जाणार. जरा आत वळून सांगाल का, पुढच्या महिन्यात नक्की येतो म्हणून? फोनवर सांगितलं की त्यांना राग येतो. माणूस गेलं की बरं वाटतं."

"पण मी कोण? मला कोण ओळखतं तिथे?"

"साहेबांचं नाव सांगा. सगळे ओळखतील," ते म्हणाले.

रविवार: मोहोळ, मोडनिंब, आणि आत

सकाळी आठला निघाले. मोहोळला इडली खाल्ली, चाळीस रुपये, चटणी पातळ. पुढे दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालली होती. मोडनिंबला हमरस्ता सोडला की रस्ता अरुंद आहे, पण डांबरी आहे. शेवटचा किलोमीटर खडीचा. दहाला पाच कमी असताना मी गावात होते.

चर्च म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा, पांढरा चुना, पुढे कडुनिंब. दाराला कुलूप. कडुनिंबाखाली एक सत्तरीच्या बाई ज्वारीचं कणीस हातात चोळत बसल्या होत्या. ह्या रूथमावशी. त्या मंडळीच्या पंच आहेत आणि चर्चची किल्ली त्यांच्या पदराला बांधलेली असते.

"सलाम," मी म्हटलं. आमच्यात असंच म्हणतात.

"सलाम बाई. लवकर आलासा. आमचं देऊळ अकराला उघडतं."

"नेहमी अकराच?"

"पयले पाळक येतील तशी वेळ बदलायची. आता कुणी यायचंच नसतं, तर बदलायची कशाला?" त्या स्वतःच हसल्या. "बसा सावलीत."

मी निरोप सांगितला. त्यांनी मान हलवली. त्यांच्या मांडीवर एक पांढरं इस्त्रीचं कापड होतं, भोजनाच्या टेबलावर घालायचं. ते त्यांनी परत घडीवर घडी घालून लहान केलं. "दिवाळीला झालं हुतं भोजन. चालायचंच. तुमी कोण त्यांच्या?"

मी पप्पांचं नाव सांगितलं.

मावशींनी कणीस खाली ठेवलं. एवढ्यात आलेल्या चार-पाच माणसांकडे त्यांनी बघितलं, आणि ती सगळी माणसं एकाच दिशेला बघायला लागली. तिथे पन्नाशीचा एक उंच माणूस सायकलवरून छोटा स्पीकर उतरवत होता. त्याचा हात तसाच थांबला.

"दानी, साहेबांची लेक आलीय," मावशी म्हणाल्या.

त्यानं मला सलाम केला नाही. स्पीकर छातीशी धरून तो बाजूला झाला. मला वाटलं, लाजाळू असेल.

अकराला किल्ली फिरली. तीस-पस्तीस माणसं. पेटी, तबला, तीन गाणी. आवाज असे मोकळे की मला शब्द आठवत नसूनही मी म्हणत होते. मावशींनी चष्मा लावून वाचन केलं. मग त्या माझ्याकडे वाकून कुजबुजल्या, "आता उपदेश."

"कोण करणार?"

दानी पुढे गेला. उपदेशाच्या उंच मेजावर त्यानं रुमालाची घडी ठेवली, तिच्यावर मोबाइल ठेवला, शेजारी स्पीकर. बटण दाबलं आणि खाली येऊन दाराजवळच्या सतरंजीवर बसला.

आधी खोकला आला.

शब्द यायच्या आधी, त्या खोकल्यावरूनच मी ओळखलं. मग, "मंडळी, सलाम. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय का?"

"व्हय!" तीस माणसं मोबाइलला म्हणाली.

सात वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. माझ्याकडे त्यांचा एकही आवाज नाही. फोटो आहेत, आवाज नाही, आणि हे मी अनेकदा अनेकांजवळ बोलून दाखवलं होतं. तो इथे होता. दर रविवारी पुण्यापासून पावणेदोनशे किलोमीटरवर तो बोलत होता आणि मला ठाऊक नव्हतं.

लोकांची तोंडं तर बघण्यासारखी होती. माणसाकडे बघावं तसे ते मोबाइलकडे बघत होते. पप्पा मध्येच म्हणत, "खरं की नाही?" आणि सगळे म्हणत, "खरं!" एका जागी ते शब्द विसरले आणि दोन क्षण गप्प झाले, तिथे पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तो शब्द हळूच पुरवला. मोबाइलमधल्या पप्पांनी लगेच तोच शब्द घेतला. त्या दिवशीही तिनंच पुरवला असणार. मला हसू आलं आणि रडूही.

दहा-बारा मिनिटं झाली असतील. पप्पा जागं राहण्याविषयी बोलत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. मला तो चढ ओळखीचा आहे. लहानपणी तो ऐकला की मी गच्चीवर जात असे.

"दानी, उभा राहा."

आणि दाराजवळचा तो उंच माणूस उभा राहिला.

"किल्ली तुझ्याकडे कशाला दिली? देवाचं दार उघडायला, की बंद ठेवायला? तुला दहा वाजता सांगितलं होतं. एक तास मी बाहेर उन्हात उभा होतो. ज्याला दार उघडता येत नाही त्यानं किल्ली बाळगू नये. काढ ती, मावशीकडे दे. आणि दार लाव ते, झळ येतीय."

दानी वळला. दार लावलं. कडीचा आवाज झाला. तोच आवाज अर्ध्या सेकंदानं स्पीकरमधूनही आला.

पप्पा पुढे बोलू लागले. दानी उभाच. मला वाटलं, आता बस म्हणतील. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पप्पा प्रेमाविषयी बोलले, धीराविषयी बोलले. ते विसरले होते. रागात उभं केलं आणि बस म्हणायचं राहून गेलं. म्हणून दानी उपदेश संपेपर्यंत उभा होता, हात पुढे बांधून, मान खाली घालून. आणि आजूबाजूला कुणालाही त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. शेजारची म्हातारी त्याच्या पायाला टेकून बसली होती, खांबाला टेकावं तशी.

सात वर्षांत रविवार किती होतात ते मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

जेवण

उपासनेनंतर जेवण असतं. भाकरी, वांग्याची भाजी, आमटी. दानी बादली घेऊन वाढत होता. माझ्यापाशी आला तेव्हा मी विचारलं, "हे कधीचं आहे?"

"साहेबांची शेवटची खेप. रविवारी हितं आले आन् बेस्तरवारी गेले. आई माजी आजारी हुती, देवळात येता येत नव्हतं, तिच्यासाठी मीच फोनवर टेप करून घेतलं हुतं."

"दर रविवारी तुम्हीच लावता?"

"फोन माजा हाय की."

"अहो, पण तेवढा भाग कापून टाकायचा ना!"

तो बादली खाली ठेवून माझ्यासमोर उकिडवा बसला. "शेवटाला सगळ्यास्नी नाव घिऊन आशीर्वाद हाय बघा. माज्या आईचं बी नाव हाय त्यात. कापाकापीत तेच गेलं म्हंजे?" मग म्हणाला, "साहेब लई रागवायचे. पर पुढच्या खेपेला हसून बस म्हनायचे. ती खेप झालीच न्हाय."

"दुसरे उपदेश लावा. यूट्यूबवर हजारो आहेत." मी हे रागानं म्हटलं, कोणावरचा राग ते मला अजून कळलेलं नाही.

उत्तर रूथमावशींनी दिलं. "लावले की. लई चांगलं बोलत्यात. पर ते आमाला वळखत न्हाईत. साहेब कसं, नाव घिऊन बोलत्यात."

मावशी पलीकडे गेल्यावर दानी हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक इचारू? साहेब त्या उन्हानंच गेले का वं?"

आता कळलं, सकाळी सगळे त्याच्याकडे का बघत होते. सात वर्षं ह्या गावात हे असंच समजलं जात होतं. दानीनं दार उघडलं नाही, साहेब तासभर उन्हात उभे राहिले, चौथ्या दिवशी गेले.

मी लगेच "नाही" म्हणायला हवं होतं. कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता. पण मला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, रक्तदाब जुना आहे, हे कधीही झालं असतं. कधीही म्हणजे त्या उन्हानंही. मी म्हटलं, "त्यांना बीपी होतं हो दानीभाऊ." तो "व्हय व्हय" म्हणाला आणि बादली उचलून गेला. माझं उत्तर किती अपुरं होतं ते त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

"तुम्हाला दहाच सांगितलं होतं का?" मी मागून विचारलं.

तो वळला नाही. "अकरा. पर फोन मला एकट्याला आला हुता. साहेब खोटं बोलतील का, म्हनाले सगळे. मी मोडनिंबला पाव आनायला गेल्तो, भोजनाचा."

मी हात धुऊन गाडीत जाऊन बसले. खरं तर निघूनच जायचं होतं. पिशवीतून पाण्याची बाटली काढताना वही हाताला लागली. शेवटची वही, गोळ्यांच्या वेळांची.

पप्पांची सवय मला माहीत होती. प्रत्येक रविवारचं पान शनिवारीच लिहून ठेवत. शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. वर सकाळच्या दोन गोळ्या. खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात: *८ वाजता*, पुढे एका गावाचं नाव, आणि ते सगळं वेगळ्या शाईनं खोडलेलं. त्याखाली: *११ वाजता*, आणि ह्या गावाचं नाव. कंसात, *दानीला कळवले.*

आठची उपासना रद्द झाली, म्हणून ते सरळ इकडे आले. दहाला पोचले. आणि दहाच ठरले होते असं त्यांच्या डोक्यात बसलं.

मला धक्का बसला हे लिहिणं सोपं आहे. पण दुसरा धक्का पहिल्यापेक्षा मोठा होता: मला हे ठाऊक होतं. त्याच वर्षी पुण्याला आले तेव्हा पप्पा स्वारगेटला तासभर आधी येऊन उभे होते आणि मला उशीर केलास म्हणून सगळ्या लोकांत बोलले. फोनमध्ये त्यांचाच संदेश होता, पाच वाजता ये. ते चारला आले होते. मी तो संदेश त्यांना दाखवला नाही. "सॉरी पप्पा" म्हणून पिशवी उचलली. कोण वाद घालणार. त्यांच्या वेळा घसरायला लागल्या आहेत हे मला दिसलं होतं आणि ते कुणालाही न सांगता मी त्यांना आठवड्याला तीन गावं फिरू दिलं होतं. चर्चनं त्यांना झिजवलं म्हणून मी चर्चवर सात वर्षं रुसले. पण चर्चला तरी कसं कळणार होतं?

गाडी चालू करून पुणे गाठता आलं असतं. चार तास. पप्पांचा इथे शिल्लक राहिला होता तो फक्त आवाज, आणि त्या आवाजाला ह्या लोकांत खोटं पाडायचं? दहा मिनिटं मी चावीला हात लावून बसले होते. चटणीच्या पाकिटाचा वास गाडीभर झाला होता. मग वही घेऊन आत गेले.

मला भाषण जमत नाही. मी दारातच उभी राहून म्हटलं, "पप्पांचं चुकलं होतं. अकराच ठरलं होतं. हे बघा."

भाकरी मोडायचे आवाज थांबले. मावशींनी हात पदराला पुसून वही घेतली, चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. "अक्षर साहेबांचंच. माज्या पोराच्या बाप्तिस्म्याच्या कागदावर असंच हाय." मग मोठ्यानं वाचलं, "आठ वाजता, खोडलंय. अकरा वाजता. दानीला कळवले."

कोपऱ्यातून एक म्हातारबाबा म्हणाले, "मंग उपदेश खोटा म्हनायचा का?"

"उपदेश खरा की," मावशी ताडकन म्हणाल्या. "घड्याळ खोटं."

कुणीतरी हसलं. बाकीचे हसले नाहीत. मावशींनी माझ्याकडे बघितलं. "मंग त्याला बस म्हना की. तुमच्या वडलांनी म्हटलंच न्हाय."

दानी बादली घेऊन खोलीच्या मधोमध उभा होता. मी म्हटलं, "दानीभाऊ, बसा."

"वाढायचं हाय अजून," तो म्हणाला. बादली शेजारच्याच्या हातात देऊन तो हात धुवायला बाहेर गेला. हात धुवायला एवढा वेळ लागत नाही. परत आला तेव्हा सगळ्यांच्या पंगतीत बसला, आणि मावशींनी त्याच्यापुढे भाकरी ठेवली.

पदराची गाठ सोडून त्यांनी किल्लीही पुढे केली. तो म्हणाला, "असू दे तुज्याकडंच मावशे. पहाटे जाग तुलाच येती." आता मात्र सगळे हसले.

निघताना मी मोबाइलवर त्या पानाचा फोटो पाठवते म्हटलं. मावशी म्हणाल्या, "फोटू नको. कागद द्या." बावीस वर्षं मी पानं फाडणाऱ्या मुलांना रागावत आले आहे. ते पान मी पट्टी लावून सरळ फाडून दिलं.

घरी

रात्रीच्या जेवणाआधी पुण्यात होते. अनिल पाळकांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मी वर्षातून तीन-चारदा जातो तिथे. मी गेलो की ते मोबाइल लावत नाहीत. मला हे कुणीच..." पुढे म्हणाले, "भोजनाला पाळक लागतो. उपदेश वाचून दाखवायला लागत नाही. तुमच्या पप्पांच्या दहा वह्या माझ्याकडे आहेत. महिन्यातून एक रविवार आलात, तर त्यांना दुसरं काही ऐकायला मिळेल." मी अजून उत्तर दिलेलं नाही. ज्या गोष्टीवर आपला पुरता विश्वास नाही ती तीस माणसांपुढे उभं राहून वाचावी का, हे मला ठरवता येत नाही. दुसरीकडे, त्यांनी माझा विश्वास कुठे विचारला आहे?

पंधरा दिवसांनी दानीनं एक आवाजी संदेश पाठवला, फक्त दोन मिनिटांचा. त्यात पप्पा बोलत आहेत. "दानी, उभा राहा." रागावणं. दाराची कडी, दोनदा. आणि तिथे पप्पांचा आवाज मधेच थांबतो. कुणीतरी बटण दाबलं आहे. मग रूथमावशी, सावकाश, एकेक अक्षर लावत: "अकरा वाजता. दानीला कळवले."

"आमेन," सगळे म्हणतात.

"बस रे दानी."

सतरंजी सरकल्याचा आवाज येतो, आणि पप्पा पुढे बोलू लागतात.

कुणी तिकडे जाणार असाल तर रस्ता वर दिला आहे, जेवण तिथेच होतं, सोबत पाणी ठेवा. उपासना अकरा वाजता असते. लवकर पोचलात, तर कडुनिंबाखाली सावलीत बसा आणि घड्याळ पुन्हा एकदा बघा.